गट नंबर एकशे बेचाळीसचा ठिपका

मामा, दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड मांडून माणसं मागं सरकतात न सरकतात तोच लिंबावरून उतरला आणि भाताला चोच लावून गेला. लोक म्हणाले, चिटबॉय समाधानानं गेला, काही मागं ठेवलं नाही त्यानं. आत्यानं तोंडाला पदर लावला. मी मात्र नदीच्या वाळूत हात जोडून उभीच राहिले. एक वाक्य मी आठ दिवस घोकलं होतं. तुमचा कावळा शिवणार नाही याची मला खात्री होती. शिवला नाही की एकेक जण पुढं होतो, कुणी म्हणतं लेकीचं नीट करू, कुणी म्हणतं म्हैस विकणार नाही, तशी मीही पुढं होणार होते आणि सगळ्या गावासमोर म्हणणार होते, मामा, तुमच्या नावावरचा तो ठिपका मी पुसते. तुम्ही तेवढीही सवड दिली नाही. एवढी कसली घाई होती हो?

मग मंडपात प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली. माईकवाल्यानं माझंही नाव पुकारलं. मी मानेनंच नको म्हटलं. सगळ्यांना वाटलं, भाचीला बोलवेना. खरं सांगू? मला बोलवत होतं. कावळ्यासमोर बोलायचं धाडस केलं होतं, माणसांसमोर होईना. म्हणून आता लिहितेय. उशीर झालाय, ठाऊक आहे.

तीस वर्षं तुम्ही कारखान्याच्या शेतकी खात्यात काढली. कुणाच्या गटात किती ऊस, लागण कधीची, तोडीनंतर फुटलेला खोडवा कितवा, हे रानोरान फिरून लिहायचं आणि पाळी आली की तोडीची चिठ्ठी हातात द्यायची, म्हणून तुम्ही चिटबॉय. डोक्यावरचे केस गेले, दाढा गेल्या, नोकरीही संपली, तरी गावानं तुम्हाला बॉयच ठेवलं. तुम्हाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट म्हणायचात, लोक म्हातारे होतात, माझं बरं हाय.

आमचं पाथर्डीकडचं बिऱ्हाड दसरा झाला की ट्रकमध्ये बसायचं, ऊस तोडायला. मी पहिलीत असताना आई मला आत्याकडं सोडून गेली आणि तुम्ही म्हणालात, राहू द्या, दोन भाकरींनी काय होतंय. ते सहा महिन्यांसाठी होतं. मी बारा वर्षं राहिले. आई-वडील तोडीला आलेच तर तुमच्याच भागातल्या कुठल्यातरी रानात असायचे, आणि तुम्ही मला लुनावर मागं बसवून त्यांच्या कोपीपर्यंत, त्या झोपडीपर्यंत न्यायचात. जाताना वाटेत चार गट मोजून घ्यायचात. टेप कारखान्यानं दिली होती, पण ती तुम्ही कधी काढली नाही. बांधावरून चालायचात आणि मला मागून पावलं मोजायला लावायचात. माझी पावलं लहान, म्हणून माझा आकडा नेहमी जास्त यायचा. तुम्ही तो मनातल्या मनात कमी करून वहीत लिहायचात आणि म्हणायचात, "रान पायाला कळतं, पोरी. डोळ्याला नुसतं दिसतं."

हेच वाक्य पुढं मला नको नको झालं.

मी नगरला त्या संस्थेत लागले तेव्हा तुम्हाला केवढा आनंद झाला होता. पेढे वाटलेत आणि प्रत्येकाला सांगितलंत, भाची उपग्रहात हाय. मी म्हटलं, मामा, उपग्रहात नाही, उपग्रहाच्या माहितीवर काम करते. तुम्ही म्हणालात, त्येच की. मग मी तुम्हाला लॅपटॉपवर नकाशा दाखवला. ऊस तुटल्यावर रानात वाळलेल्या पाल्याचं पाचट उरतं, लोक ते पेटवून देतात. उपग्रह वरून जाताना ती धग टिपतो आणि नकाशावर लाल ठिपका उमटतो. ठिपक्यांवरून किती पाचट जळालं, किती धूर झाला, किती कार्बन हवेत गेला, ते आम्ही काढतो. तुम्ही सगळं लक्ष देऊन ऐकलंत आणि विचारलंत, "धूर बघायला तुला आभाळात डोळा लावावा लागतो व्हय? आमच्या म्हशीला गोठ्यात ठसका लागतो."

मग कार्बन म्हणजे काय ते विचारलंत. मी सांगितलं, पाचट जळालं की तो हवेत जातो, रानातच कुजू दिलं तर बराचसा मातीत राहतो. त्यावर तुम्ही जे हसलात ते मला अजून ऐकू येतं. सतरा वर्षं तुम्ही हेच बोंबलत होतात. पाचट पेटवू नका, सरीआड दाबा, वर थोडा युरिया टाका, पाणी कमी लागतं. स्वतःच्या दोन एकरात करून दाखवत होतात. लोक म्हणायचे, चिटबॉयच्या रानात साप निघतात, उंदीर निघतात. तुम्ही म्हणायचात, गांडूळ बी निघतात, ते का नाही सांगत. "आनि मला का न्हाई कुनी हापिस दिलं," असं म्हणून तुम्ही आत्याकडं बघितलंत, आणि ती म्हणाली, आधी अंगणातली ती लुना हलवा, मग हापिस घाला.

पहिल्या हंगामात मी तुम्हाला आमच्या कामात घेतलं. ठिपका पडला की त्या रानात जाऊन बघायचं. तुम्ही दिवसाला तीन-चार ठिपके बघायचात. राखेत हात घालायचात, बांधकऱ्याशी बोलायचात, चहा घ्यायचात, आणि संध्याकाळी मला फोन. कधी ठिपका वीटभट्टीचा निघायचा, कधी विजेच्या तारा एकमेकींना घासून पेटलेल्या उसाचा. कधी ठिपका एकाच्या रानात आणि आग तिसऱ्याच्याच. कारण तो ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा नसतेच. उपग्रहाचा एक चौकोन असतो, त्यात पंधरा-वीस जणांची रानं मावतात, आणि ठिपका पडतो चौकोनाच्या मधोमध. हे तुम्हाला मीच समजावून सांगितलं होतं. मीच.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. तुमचं म्हणणं, आधी पाय, मग नाव. माझं म्हणणं, मामा, हजारो ठिपके आहेत, तुमच्या लुनावरून तालुका होणार नाही. तुम्ही म्हणायचात, मग नाव लिहू नको, नुसता धूर मोज. मी म्हणायचे, नाव घेतल्याशिवाय लोक थांबत नाहीत. मग तुम्ही शेवटचा पत्ता काढायचात, असं हाय तर मंग कारखान्याच्या चिमनीचं नाव वाच की ग्रामसभेत, ती बी दिसत असंल तुझ्या उपग्रहाला. चिमणी आमच्या कामात नव्हती. मी तसं सांगितलं की तुम्ही फक्त हूं म्हणायचात.

गेल्या वर्षी मी रानात जाऊन बघायचं काम काढून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं मला. अहवाल वेळेत द्यायचा होता, एक मेच्या ग्रामसभेत याद्या वाचायच्या होत्या, आणि माझं पद नुकतंच वाढलं होतं. ठिपका ज्या गटावर पडेल तो गट नंबर संगणकानं आपोआप यादीत घ्यायचा, अशी सोय मी करून घेतली. तुम्हाला फोन करून म्हटलं, मामा, या वर्षी तुम्ही आराम करा. तुम्ही म्हणालात, बरं.

यादी हातात आली तेव्हा गट नंबर एकशे बेचाळीस मी लगेच ओळखला. कसा नाही ओळखणार? त्याचे बांध मी पावलांनी मोजले होते. मी फोन उचलायला हवा होता. पण माझ्या मनात काय आलं सांगू? मामाचं नाव गाळलं तर लोक म्हणतील भाचीनं झाकलं. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, एक घाणेरडी शंका होती, की म्हातारपणी कंटाळले असतील, लावली असेल काडी.

ग्रामसभेत मी उभी राहिले तेव्हा तुम्ही पुढच्या रांगेत होतात, धुतलेली टोपी घालून. माझा तो पहिलाच जाहीर कार्यक्रम. यादीत एकोणीस गट. पहिल्या सहा जणांनी भांडण काढलं. कोण म्हणे आमच्याकडं कुणी आलंच नाही, कोण म्हणे वरनं काय कपाळ दिसतंय. सरपंच माझ्याकडं बघायला लागले. सातवा गट तुमचा. मी नंबर वाचला आणि नावाशी अडखळले. मागून कुणीतरी म्हणालं, नाव वाचा की. मी वाचलं. मागं हशा झाला. तुम्ही उठलात, टोपी काढून हातात घेतलीत.

"बरोबर हाय," म्हणालात. "पुढचं वाच."

त्यानंतरचे बारा जण एक शब्द बोलले नाहीत. चिटबॉयनं मान्य केलं म्हटल्यावर दुसरा कोण बोलणार? आधीचे सहाही गप्प झाले. यादी पार पडली. टाळ्या झाल्या, नारळ दिला मला.

घरी आले तर तुम्ही म्हशीला कडबा टाकत होतात. मी दारातूनच सुरू केलं. लोकांना शहाणपण शिकवता आणि स्वतः काडी लावता, मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, असं काय काय बोलले. तुम्ही पेंढी खाली ठेवलीत आणि एवढंच विचारलंत, "राखेत हात घातलास का?"

"उपग्रह खोटं बोलत नाही, मामा," मी म्हटलं.

"बरं. जेवून जा."

मी जेवले नाही. पाचची एसटी धरली. तुमचं रान घरापासून चालत पाच मिनिटांवर होतं. पाच मिनिटं, मामा. खोडव्यात गुडघाभर पाचट तसंच अंथरलेलं होतं, नुसतं डोकावले असते तरी दिसलं असतं. मी स्टँडवर पाऊण तास उभी राहिले, पण रानात गेले नाही.

पुढं वर्षभर गावानं तुम्हाला सोलून काढलं. चहाच्या टपरीवर गेलात की कुणीतरी हमखास म्हणायचं, चिटबॉय, काडी हाय का? विडी पेटवायची हाय. तुम्ही टपरीवर जाणं सोडलंत. आत्या फोनवर मला सांगायची, ह्ये घरातच बसून असत्यात गं. मी काय उत्तर दिलं असेल? मग पेटवायचं नव्हतं. असं म्हणाले मी. दिवाळीलाही आले नाही. कामाचं कारण सांगितलं. तुम्ही आत्याबरोबर फराळाचा डबा पाठवलात, त्यात माझ्यासाठी वेगळ्या बांधलेल्या करंज्या होत्या, आणि मी त्या ऑफिसात वाटून टाकल्या.

यंदा होळीनंतर नव्या मुली कामाला लागल्या. त्यांना शिकवायला एक उदाहरण हवं होतं. दुसऱ्या एका उपग्रहाची चित्रं असतात, ती पाच-पाच दिवसांनी येतात, पण त्यात बांध न् बांध दिसतो. गेल्या वर्षीही ती आमच्याकडं होतीच. एकेक ठिपका त्यात उघडून बघायला वेळ लागतो म्हणून मी बघितली नव्हती. मी मुलींना म्हटलं, चला, हा गट घेऊ, एकशे बेचाळीस, यांनी गेल्या वर्षी पाचट जाळलं, जळालेलं रान कसं दिसतं ते बघा.

एकशे बेचाळीस पिवळं होतं. कोरडं, वाळल्या पाचटाचं पिवळं. शेजारचा एकशे त्रेचाळीस काळा ठिक्कर. बांधापर्यंत काळं, बांधाच्या अलीकडं पिवळं, सुरीनं कापावं तसं. एक मुलगी म्हणाली, मॅडम, इथं नाव चुकलंय ना? मी हो म्हटलं. त्यांना चहाला पाठवलं आणि ते चित्र बघत बसले.

फोन का केला नाही? लाज वाटली, हे खरं. पण सगळं खरं ते नाही. एक नाव चुकलं म्हटलं की बाकीचे अठरा उठणार, अहवाल वर गेलेला, त्यावर माझी सही. मी ठरवलं, पाडव्याला जाईन, समोर बसून सांगेन, तुम्हाला कळेल, तुम्ही कुणाला बोलणार नाही. बघा, माफी मागायला निघाले तीही तुमच्याच गप्प बसण्याच्या भरवशावर.

पाडव्याला आले. तुम्ही गुढी उभारली होती, साखरेची गाठी माझ्या गळ्यात घातलीत, जशी लहानपणी घालायचात. जेवताना आत्या तुमच्या ताटात तूप वाढत होती आणि तुम्ही सहज विचारलंत, "तुझा उपग्रह काय म्हनतोय?"

दार उघडून दिलं होतंत तुम्ही. मी म्हटलं, "बरा आहे." आणि पोळीचा घास घेतला.

पंधरा दिवसांनी तुम्ही बांधावर बसलात ते उठलाच नाहीत. शेजारच्या रंगनाथनं बघितलं, हाका मारल्या. तोंड पुसायला काढलेलं उपरणं हातात तसंच होतं.

दहाव्यानंतर मी आत्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला बोलेल. ती तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. "मी म्हनले त्यांला, पोरीला सांगा की," ती म्हणाली. "तर म्हनले, सांगितलं तर तिला यादी मागं घ्यावी लागंल. पहिलाच कार्यक्रम हाय तिचा. जाईल ती पायानं एक दिवस, तिचं तिला दिसंल." मग निवडलेले तांदूळ बाजूला सारून म्हणाली, "वाट बघत हुते गं."

हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही, मामा. रागावला असतात तर परवडलं असतं. एक शिवी घातली असतीत तर मी फणकाऱ्यानं का होईना, रानात गेले असते.

तेराव्याला रंगनाथ आला. एकशे त्रेचाळीस त्याचा. ओट्यावर बसला आणि मान खाली घालूनच बोलला. गेल्या वर्षी काडी त्यानं लावली होती. ग्रामसभेत तो तुमच्या मागंच बसला होता, तुम्ही उठलात तेव्हा तो बसूनच राहिला. संध्याकाळी तुम्ही त्याच्या घरी गेलात आणि म्हणालात, तू काही बोलू नको, फक्त पुढच्या वर्षी पेटवू नको. यंदा त्यानं पेटवलं नाही. तुमच्याकडून शिकून सरीआड दाबलं. वर्षभर लोक तुम्हाला काडी मागत होते आणि तो ऐकत होता, हेही त्यानंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात गेले. बांधावरून चालताना आपोआप पावलं मोजायला लागले. आता माझं पाऊल तुमच्याएवढं आहे, आकडा तुमच्या वहीतलाच आला. मग खाली बसले आणि पाचटात हात घातला. वरून कडकडीत, आणि खाली एप्रिलच्या उन्हातही ओल होती. बोटाला गांडूळ लागलं. तिथं मी रडले, पोटभर. एक वर्ष उशिरा आले होते.

नकाशात यंदा त्या चौकोनात एकही ठिपका नाही. तुमच्यामुळं एक रान जळायचं वाचलं, ते कुणाच्या नावावर लिहायचं याला आमच्या तक्त्यात रकानाच नाही.

परवा एक मेला ग्रामसभा झाली. त्याआधी मी तुमची लुना दुरुस्त करून घेतली आणि यंदाच्या यादीतल्या प्रत्येक रानात जाऊन आले. दोन नावं चुकीची निघाली, ती काढली. गेल्या वर्षीच्या चुकीबद्दल वर कळवलंय. उत्तर आलेलं नाही, येईल तेव्हा काय यायचं ते येवो. सभेत सरपंचांना म्हटलं, नव्या यादीआधी मला जुन्या यादीतलं एक वाचायचंय. मग सगळं सांगितलं. रानात न जाता नाव वाचलं, ती चूक माझी. संगणकाची नाही, उपग्रहाची नाही, माझी. गेल्या वर्षी भांडलेल्या सहांपैकी एक जण उठला आणि म्हणाला, मंग आमचं बी परत बघा. मी म्हटलं, बघणार, अठराच्या अठरा बघणार, उद्यापासून. रंगनाथ उभा राहिला आणि म्हणाला, माझं नाव लिहा ताई, मी जाळलं हुतं. टपरीवर काडी मागणारे कोपऱ्यात होते. त्यांनी माना वर केल्या नाहीत.

मी कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचलं, गट नंबर एकशे बेचाळीस, पाचट जाळलेलं नाही. आणि थांबले. गेल्या वर्षीही इथंच अडखळले होते. पुढच्या रांगेत तुमच्या जागेवर आत्या बसली होती, मांडीवर तुमची टोपी घेऊन. सगळे माझ्याकडं बघत होते. मला कळेना आपण कशासाठी थांबलोय.

मग कळलं. पुढचं वाच म्हणायला कुणी नव्हतं.

मी पुढचं वाचलं.